फानफारे की ताराफ? बाल्कन संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी

एखाद्या रीलमधून किंवा एमिर कुस्तुरित्साच्या सिनेमातून बाल्कन ब्रासची एक धून कानावर पडते, दोन-चार दिवस डोक्यातून जात नाही, आणि मग लोक विचारतात, आता पुढे काय ऐकू? बहुतेक जण गोरान ब्रेगोविचकडे बोट दाखवतात. मी नाही दाखवत. सारायेवोच्या रॉक बँडमधून आलेला हा हुशार संगीतकार मोठ्या सभागृहांसाठी झकास मांडणी करतो, पण त्याने ज्यांच्या ओंजळीतून पाणी प्यायलं त्या रोमा (म्हणजे जिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातल्या) वादकांकडेच थेट का जाऊ नये? माझ्या लेखी सुरुवातीला दोनच नावं पुरेशी आहेत: फानफारे चोकर्लिया आणि ताराफ द हायदूक्स. दोन्ही रोमानियाची. (रोमानिया बाल्कनमध्ये धरायचा की नाही यावर तिथलेच लोक हिरिरीने भांडतात, त्यांना भांडू द्या.)

दोन्ही गट खेड्यातल्या लाउतारींचे. लाउतारी म्हणजे पिढीजात व्यावसायिक वादक. लग्न, बारसं, मयत, कुठेही वाजवणारे, आणि कागदावरच्या सुरावटीशिवाय, ऐकून शिकणारे. या कलेमागे एक काळा इतिहासही आहे. मोल्दाविया आणि वालाकिया या, पुढे ज्यांतून रोमानिया घडला त्या, संस्थानांत रोमा लोक जमीनदारांचे आणि मठांचे गुलाम होते. ती गुलामगिरी 1855-56 मध्ये संपली. म्हणजे मालकाच्या मेजवानीत वाजवणं हा कित्येकांच्या पणजोबांचा हौसेचा मामला नव्हता. पुढे 1989 च्या क्रांतीने कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता उलथली आणि सीमा उघडल्या. स्टेफान कारो आणि मिशेल विंटर हे दोन बेल्जियन बुखारेस्टजवळच्या क्लेजानीत पोचले आणि ताराफ जगापुढे आला. ईशान्येकडच्या झेचे प्रजीनी या गावात 1996 मध्ये हेन्री अर्न्स्ट हा जर्मन ध्वनिमुद्रक गेला आणि फानफारेची गाडी युरोपभर धावू लागली. इथवर दोघांची गोष्ट सारखीच.

फानफारे म्हणजे डझनभर माणसांचा ब्रास बँड. ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मधल्या पट्टीतले टेनर आणि बॅरिटोन हॉर्न, खाली ट्यूबा, शिवाय ढोल. वेग असा की काही गाणी मिनिटाला 200 ठोक्यांच्या घरात जातात. पण नुसत्या वेगाचं कौतुक करणाऱ्यांचं लक्ष बहुधा चुकीच्या जागी असतं. खरी मौज मधल्या फळीत आहे. ट्यूबा ठोक्यावर पडतो, हॉर्नवाले दोन ठोक्यांच्या फटीत नेमके घुसतात, आणि या हलत्या जमिनीवर ट्रंपेट-क्लॅरिनेट मुरक्या घेत पळतात. मधले हॉर्न किंचित जरी सैल पडले तरी सगळा डोलारा कोसळेल. तो कोसळत नाही. आपल्या वरातीतला ब्रास बँडही लष्करी बँडचाच वंशज आहे, त्यामुळे पहिल्या मिनिटाला ओळखीचं वाटतं. फरक इतकाच की आपला बँड सिनेमाची चाल इमानाने पोचवतो, तर हे लोक चालीचा भुगा करून त्यातून नवीच चाल घडवतात.

दोष? सलग अर्धा तास ऐकलं की कान थकतो. शिवाय नंतरच्या काळात परदेशी श्रोत्यांना खूश करणाऱ्या गोष्टी वाढल्या. जेम्स बाँडची धून ब्रासवर वाजवणं एकदा गमतीचं, दुसऱ्यांदा नाही. म्हणून सुरुवात ‘रादिओ पाश्कानी’ (1998) पासून करा. ते अधिक खरबरीत आहे आणि त्यात म्होरक्या योआन इवान्चाचं क्लॅरिनेट आहे. मग ‘याग बारी’ (2001).

ताराफचं जग वेगळं. इथे व्हायोलिन, अ‍ॅकॉर्डियन, बासरी, मोठा बास आणि त्सांबाल; हे संतूरसारखं, तारांवर काड्यांनी वाजवायचं वाद्य. आणि मुख्य म्हणजे गळे, तेही वेगवेगळ्या वयांचे. लाउतारींकडे नाचायची गाणी वेगळी आणि जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकायची वेगळी. ताराफचं सोनं या दुसऱ्या प्रकारात आहे. गाणारा ओळ टाकतो, व्हायोलिन त्याच्या मागोमाग येतं, त्याच्या शब्दाला स्वतःची टिप्पणी जोडतं, मग दोघे मिळून अचानक वेग घेतात. नाट्यगीतात शब्द सोडून तान निघते तेव्हा ज्याची मान आपोआप हलते, त्याला इथे भाषा अडत नाही.

निकोलाए नेआक्शू या म्हाताऱ्यासाठी तर सगळं सोडून बसावं. व्हायोलिनच्या तारेला घोड्याचा केस बांधून तो बोटांनी ओढायचा. त्यातून घरघरणारा, दाराच्या बिजागरीसारखा आवाज निघायचा आणि त्यावर तो चाउशेस्कूच्या पतनाचा पोवाडाच म्हणावा असं गाणं गायचा. 2002 मध्ये तो गेला.

ताराफची अडचण पहिल्याच मिनिटाला समोर येते. आवाज फाटके आहेत, सूर मुद्दाम घसरवलेले असतात, आणि गुळगुळीत ध्वनिमुद्रणाची सवय असलेल्याला हे बेसूर वाटू शकतं. दोन गाणी धीर धरा. 1991 चा पहिला अल्बम किंवा 1998 चा ‘दुम्बाला दुम्बा’ घ्या. ‘माश्काराडा’ (2007) मात्र नंतरसाठी ठेवा. त्यात बार्टोक, खाचातुरियान वगैरे पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांच्या रचना ताराफ आपल्या पद्धतीने वाजवतो. मूळ रचना आणि ताराफ दोन्ही परिचयाचे असतील तरच गंमत कळते.

तर निवड कशी करायची? माझा निकष पितळ की तारा हा नाहीच. फानफारे हा समूह आहे, ताराफ म्हणजे माणसं. इवान्चा 2006 मध्ये गेला तरी फानफारेचं यंत्र चालू राहिलं, कारण प्रत्येक जागेवर बसणारा पोरगा गावात तयार असतो. नेआक्शूची जागा तशी भरत नाही. ताराफच्या जुन्या रेकॉर्डमध्ये जे आहे ते तिथेच आहे. म्हणून युरोपात राहत असाल आणि कार्यक्रम बघायची संधी आली, तर डोळे झाकून फानफारेचं तिकीट काढा. ब्रासचा धक्का छातीवर बसावा लागतो, फोनच्या स्पीकरवर ट्यूबा ऐकूच येत नाही. घरी, रात्री, हेडफोन लावून ऐकणार असाल तर ताराफ. एकच निवडायला सांगितलं तर मी ताराफ निवडेन.

तालात रमणाऱ्यांसाठी एक इशारा. हे दोन्ही गट बहुतांश सरळ दोन ठोक्यांच्या चालीत वाजवतात. सात, नऊ, अकरा मात्रांची भूक असेल तर दक्षिणेकडे उतरावं लागतं. बल्गेरियाचा रचेनित्सा सातचाच, पण 2+2+3; रूपकाच्या 3+2+2 ची सवय असलेला हात पहिल्यांदा हमखास चुकीच्या जागी टाळी देतो. उत्तर मॅसेडोनियाचा कोचानी ऑर्केस्टार हा ब्रास बँड या बाबतीत उत्तम. त्याने ताराफसोबत बुखारेस्टमध्ये केलेला ‘बँड ऑफ जिप्सीज’ (2001) दोन्हींची चव एकत्र देतो. (नावातला ‘जिप्सी’ अनेक रोमांना अपमानास्पद वाटतो, हे लक्षात असू द्या.)

आणि ‘हे तर आपलेच लोक’ म्हणून राग शोधत बसू नका. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले हे खरं, तोनी गातलिफच्या 1993 च्या ‘लाचो ड्रोम’मध्ये राजस्थानपासून निघालेली वाट रोमानियात ताराफपाशीही येते. पण ताराफच्या सुरांत तुर्की मकाम (तिकडची रागासारखी स्वरपद्धती) आहे, रोमानियन खेडं आहे, शेजारच्या हंगेरीचा वारा आहे. मारवा कुठे सापडतो ते बघायला गेलात तर निराश व्हाल, आणि त्यात चूक वादकांची नसेल.