रविवारी मिळालेला स्टे आणि माझे १,३१,५००

वकील म्हणून ज्याने मला फसवलं, त्याचं नाव घालूनच लिहिणार होतो. मेहुणा म्हणाला, बदनामीचा दावा ठोकेल आणि मग तुला खराखुरा वकील करावा लागेल. म्हणून नाव नाही. बाकी सगळं घडलं तसं.

माझी बेंजो पार्टी आहे, रायगडात. नऊ माणसं. हळदी, साखरपुडे, पालख्या, मिरवणुका. २०२१ मध्ये हळदीचं एक गाणं लिहिलं, चालही माझीच, आणि छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड करून आमच्या यूट्यूब चॅनेलवर टाकलं. २०२३च्या दिवाळीत तेच शब्द, तीच चाल, फक्त आवाज दुसऱ्या पोरीचा आणि ठेका जरा फुगवलेला, असं एका मोठ्या चॅनेलवर दिसलं. गीत-संगीत म्हणून भलत्याचंच नाव. कोणाचंही डोकं फिरेल.

त्या डोकं फिरलेल्या अवस्थेतच मला इन्स्टावर रील दिसली: 'एंटरटेनमेंट अँड स्पोर्ट्स लॉ एक्स्पर्ट'. काळा कोट, पांढरा बँड, मागे भिंतीवर कुणाची तरी सही केलेली कबड्डीची जर्सी. खेळाडूंचे करार, मालिकेतल्या नटांचे थकलेले पैसे, गाण्यांची चोरी, सगळं म्हणे हाच बघतो. आता कळलंय की वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. रीलमध्ये 'केस जिंकून देतो' म्हणणारा माणूस दिसला की तिथेच अंगठा वर सरकवा.

पहिल्या बोलण्याचे ५,००० घेतले. भेटायला अंधेरीला गेलो, काचेची भाड्याची खोली. खुर्चीच्या पाठीवर कोट टांगलेला होता आणि बाहीला दुकानाचा प्लास्टिकचा टॅग तसाच लोंबत होता. मी बघितला. मनात म्हटलं, नवा घेतला असेल, मोठी माणसं.

नंतर नोटीस १८,५००. 'कॉपीराइट रजिस्ट्रेशन, अर्जंट' ११,००० आणि नवव्या दिवशी सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर हजर. गीताच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे हो! पाचशे! संगीताचीही ५००. आणि अर्ज केला की डायरी नंबर मिळतो, मग कुणाची हरकत येते का म्हणून ३० दिवस थांबावंच लागतं. अर्जंट वगैरे काही नसतं. गंमत म्हणजे दावा लावायला नोंदणी लागतेच असंही नाही, गाणं तयार झालं की हक्क तुमचाच. हे मला फुकटात सांगणारे लोक होते, मीच विचारलं नाही.

११ मार्च २०२४ ला हायकोर्टाची फी आणि फायलिंग म्हणून ६२,०००. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं. म्हणाला, "दादा, तो आमच्या क्लार्कचा अकाउंट आहे, जीएसटीचं लफडं नको म्हणून." वर म्हणाला, जिंकलो की मला वीस टक्के. मला वाटलं, स्वतःचे वीस टक्के अडकलेत म्हणजे माणूस जीव तोडून लढेल. तर वकिलाने निकालाच्या पैशात हिस्सा ठरवणं हेही नियमाबाहेर आहे.

तुम्ही म्हणाल, हा काय अडाणी आहे का? नाही. बी.कॉम. आहे, आठ वर्षं पतपेढीत काढली, लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासलीत. पण कर्जाचा कागद वेगळा आणि स्वतःचं गाणं वेगळं. गाणं चोरीला गेलं की माणूस हिशेब करत नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री उठून बसतो.

१४ एप्रिल २०२४. जयंतीच्या मिरवणुकीत वाजवत होतो. गाडीवर कीबोर्ड, मागे हजारभर माणसं, निळे झेंडे. सात-साडेसातला फोन थरथरला. एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने बघितलं, तर त्याचा मेसेज: 'अभिनंदन दादा, आज कोर्टाने स्टे दिला. ऑर्डर पाठवतोय.' खाली पीडीएफ. लाल शिक्का, तारीख १४/०४/२०२४. बजावणी आणि सर्टिफाइड कॉपीचे ३५,००० उद्या सकाळी पाठवा.

आंबेडकर जयंतीची सुट्टी. त्यात वार रविवार. देशातल्या सगळ्यात मोठ्या बॅरिस्टरच्या जयंतीत मी स्वतः वाजवतोय, पोस्टर माझ्या डोळ्यासमोर, आणि माझ्या डोक्यात येत नाही की आज कोर्ट उघडं कसं! उलट मी ढोलकीवाल्याच्या कानात ओरडलो, "स्टे मिळाला!" त्याने त्या आनंदात तिहाई घेतली. १५ तारखेला सकाळी दहाच्या आत पैसे पाठवले.

त्या ऑर्डरवर न्यायमूर्तींचं नाव नव्हतं, नुसतं 'माननीय न्यायाधीश'. केस नंबरसोबत सीएनआर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतःचा वेगळा क्रमांक, म्हणून जे होतं ते १४ अक्षरांचं. खरा सीएनआर १६ अक्षरी असतो आणि कोर्टांच्या सरकारी ईकोर्ट्स ॲपमध्ये टाकला की केस समोर येते. एक मिनिटाचं काम. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट: चार महिन्यांत मी कशावरही सही केली नव्हती. वकीलपत्र नाही, दाव्याखाली सही नाही, प्रतिज्ञापत्र नाही. वकीलपत्राशिवाय तो माझ्यातर्फे उभा कसा राहील? पतपेढीत मी सहीशिवाय पाचशे रुपये सोडत नव्हतो.

५,००० + १८,५०० + ११,००० + ६२,००० + ३५,०००. बेरीज वर दिलीच आहे. ७०,००० नव्या कीबोर्डसाठी साठवलेले, ६०,००० बायकोच्या भिशीचे, वरचे दीड हजार मेहुण्याचे. म्हणून तो अजून सल्ले देतो आणि मी ऐकतो.

मे महिन्यात फोन लागेना. जूनअखेर अलिबागला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी १,५०० घेतले, पावती दिली. त्या माणसाचा सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, तपासला तर तो विदर्भातल्या एका म्हाताऱ्या वकिलांचा निघाला. आणि म्हणाल्या, कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, मुंबईला जायची गरजच नव्हती. सनद नंबर आधी विचारा, बार कौन्सिलकडे पडताळा, आणि तो माणूस रागावला तर बरंच झालं असं समजा.

मग पोलीस. हवालदार म्हणाले, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, खोटी कोर्ट ऑर्डर दिवाणी कशी? म्हणाले, साहेब बंदोबस्तात आहेत. दुसऱ्या खेपेला साहेब भेटले, म्हणाले गुन्हा अंधेरीत घडला, तिकडे जा. मुंबईत गेलो, तिथे म्हणाले पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्याने झिरो एफआयआर घ्यायची असते, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं कळतंय तर फसलात कसे?" पुढच्या खेपेला नवीनच अडचण: १ जुलैपासून फौजदारी कायदा बदलला, आता जुन्यात घ्यायचं की नव्यात? अहो, फसवणूक एप्रिलपर्यंतची, म्हणजे जुनं ४२०च. वकील म्हणून तोतयेगिरी केली म्हणावं तर सांगतात, तो कुठल्या कोर्टात उभा राहिलाय का? नाही ना राहिला! तेच तर रडणं आहे. शेवटी वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने अर्ज केला. उत्तर आलं, अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित ठाण्याकडे वर्ग केला आहे. संबंधित ठाणं म्हणजे तेच, बंदोबस्तवालं.

ग्राहक म्हणून दाद मागायला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला सांगितलंय, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. म्हटलं, तो वकील नाहीच! "पण तुम्ही वकील म्हणूनच नेमला होता ना?"

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा तर पैसे गेल्या गेल्या लावा. मी ११ आठवड्यांनी लावला.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते काम? भाच्याने यूट्यूबचा कॉपीराइटचा फॉर्म भरला, एक पैसा न देता. नवव्या दिवशी ते गाणं उतरलं. पंधरा दिवस मी गावभर सांगत फिरलो. मग त्या चॅनेलवाल्यांनी उलट नोटीस टाकली. आता कामाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायचा, नाहीतर गाणं परत वर. म्हणजे खरा वकील लागायची वेळ आली ती तेव्हा. वकीलबाईंनी खर्च अगदी वाजवी सांगितला होता. माझ्याकडे तेवढेही नव्हते.

गाणं परत वर गेलं. परवा एका हळदीत मांडवात वाजवत होतो. नवरीचा भाऊ नाचत नाचत गाडीजवळ आला, हातात मोबाइल, आणि म्हणाला, "दादा, या चॅनेलवाल्यांचं गानं येतंय का तुम्हाला?"

वाजवलं.