झोपेच्या गोळीपासून सोडवू पाहणारी ‘एम्पॉवर’ पुस्तिका

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे संशोधक कारा टॅननबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘एम्पॉवर’ ही छोटी पुस्तिका लोराझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या ज्येष्ठांच्या थेट हातात द्यायची असते, आणि तिचे बळ त्यातच आहे. तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे, विसराळूपणा वाढणे हे धोके ती रुग्णालाच समजावून सांगते. त्यापुढचे वेळापत्रकाचे पान मला सर्वांत उपयुक्त वाटले. कोणत्या दिवशी पूर्ण, कधी अर्धी आणि कधी पाव गोळी घ्यायची, हे तेथील चित्रांवरून चष्मा न लावताही उमगावे. गोळी एकदम बंद केल्यास झोप पूर्ण उडते, क्वचित आकडीचे झटकेही येऊ शकतात, त्यामुळे हा सावकाशपणा अत्यावश्यकच आहे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६५ ते ९५ वर्षे वयाचे ३०३ जण होते. पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी सहा महिन्यांत गोळी पूर्ण सोडली, तर न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. हे लोक मात्र आपापल्या घरी राहणारे होते. पुढे मॉन्ट्रियलमध्येच रुग्णालयात दाखल असलेल्या ज्येष्ठांवरही पुस्तिकेचा प्रयोग झाला आणि निष्कर्ष उत्साहवर्धक आले, पण तो अवघ्या ५० रुग्णांचा होता, एवढे भान ठेवावे.

वॉर्डाच्या दृष्टीने पुस्तिका अपुरी पडते, असे माझे मत आहे. तेथे झोपमोड होते ती रात्रभर जळणाऱ्या दिव्यांमुळे, शेजारच्या खाटेवरच्या कण्हण्यामुळे आणि पहाटेच रक्तदाब मोजायला येणाऱ्या सिस्टरमुळे. त्यावर रुग्णाने वाचून काय करावे? अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधक शॅरन इनूये यांच्या गटाने गरम दूध किंवा काढ्यासारखा चहा, पाठीला मालिश आणि शांत संगीत असा साधा रात्रीचा क्रम लावला, तेव्हा झोपेच्या औषधांचा वापर ५४ वरून ३१ टक्क्यांवर आला. वॉर्डात अशी व्यवस्था असेल, तरच पुस्तिका हाती देण्यात अर्थ आहे.

मराठीत ती आणायची झाल्यास अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या लोराझेपामच्याच गटातील औषधांची येथील दुकानांत चालणारी नावे छापावी लागतील, आणि सावकाश विरघळणाऱ्या ‘एसआर’ गोळ्या तोडून घेऊ नयेत, ही सूचना वेळापत्रकाच्याच पानावर ठळक अक्षरांत हवी.