टक्के नकोत, युनिटे मोजा : नेक्सॉन ईव्ही ४५ सोबतचे अकरा महिने

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही टाटा नेक्सॉन ईव्हीचे ४५ किलोवॉट-तास बॅटरीचे मॉडेल घेतले आणि आजवरच्या अकरा महिन्यांत ते सुमारे चौदा हजार किलोमीटर चालवले. घरात आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि आई असा पाच जणांचा संसार आहे. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत असे साधारण पस्तीस किलोमीटर, आणि दीड-एक महिन्याने गुहागरजवळच्या माझ्या सासुरवाडीची एक फेरी, असा या गाडीचा नेम आहे. पहिल्या महिन्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत असे : एका चार्जमध्ये किती जाते? मीही तेव्हा पडद्यावर दिसणारा आकडा सांगून मोकळा होत असे. हा आकडा मागच्या काही किलोमीटरच्या चालीवरून काढलेला अंदाज असतो, त्यामुळे शहरातून महामार्गावर आल्यावर तो भराभर खाली येतो आणि नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. म्हणून फेब्रुवारीपासून मुलीच्या गणिताच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर मी शंभर किलोमीटरला किती युनिटे (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास वीज) लागली एवढेच लिहू लागलो. पुढचे बहुतेक सगळे त्या वहीच्या आधाराने लिहिले आहे.

आधी गाडीची थोडी कुळकथा. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये ३०.२ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसह आली, मे २०२२ मध्ये ४०.५ची ‘मॅक्स’ आली, सप्टेंबर २०२३ मध्ये गाडीचे रूप आणि मोटर दोन्ही बदलले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ४५चे मॉडेल आले. मोटर १४५ पीएस शक्तीची आणि २१५ न्यूटन-मीटर टॉर्कची असून ती पुढची चाके फिरवते. मॉडिफाइड इंडियन ड्राइव्ह साइकल या प्रमाणित चाचणीत ४५चा पल्ला ४८९ किलोमीटर येतो. कंपनी स्वतःच त्याच्या शेजारी ‘सी-७५’ म्हणून ३५० ते ३७० किलोमीटरचा दुसरा आकडा देते, म्हणजे चारांतल्या तीन ग्राहकांना प्रत्यक्षात मिळावा असा पल्ला. खरेदी करताना डोळ्यांसमोर ठेवायचा तो हा दुसरा आकडा.

माझ्या वहीत शहरातला खर्च, एसी चालू ठेवून, शंभर किलोमीटरला तेरा ते चौदा युनिटे आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरचा वेग सांभाळला तर तो तेराच्या आसपास राहतो, आणि वेग १०० केला की साडेसोळावर जातो. याचे कारण हवेत आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८०चा वेग १०० झाला की प्रत्येक किलोमीटरमागे हवा कापण्यासाठी लागणारी ऊर्जा दीडपटीहून थोडी अधिक होते, आणि उंच बांध्याच्या गाडीला तो भार आणखी जाणवतो. तेराच्या हिशेबाने ४५ युनिटांत साडेतीनशे किलोमीटर होतात आणि साडेसोळाच्या हिशेबाने जेमतेम पावणेतीनशे. म्हणजे पाऊणशे किलोमीटरचा फरक केवळ उजव्या पायाने पडतो. एसीचा दोष लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी आहे, मात्र कोंडीत गाडी तासभर उभी असेल तर किलोमीटर वाढत नाहीत आणि एसी चालूच राहतो, म्हणून वहीतला आकडा वाईट दिसतो.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाची आहे आणि तिला द्रवाने थंड ठेवण्याची सोय आहे. हे रसायन दीर्घायुषी आणि उष्णतेला तुलनेने सोशिक मानले जाते, पण त्याची एक खोड मालकाला ठाऊक असायला हवी. या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून सत्तर टक्के उरले की चाळीस, हे यंत्रणेला नेमके कळत नाही. आत आलेला आणि बाहेर गेलेला विद्युतप्रवाह मोजत ती हिशेब ठेवते, आणि हिशेबातल्या बारीक चुका साठत जातात. अधूनमधून गाडी बरीच खाली आणून, मग संथ गतीने पूर्ण शंभरापर्यंत भरली की तो हिशेब पुन्हा जुळतो. आम्ही महिन्यातल्या एका शनिवारी रात्री हे करतो आणि इतर दिवशी ऐंशी-नव्वदवर थांबतो.

शंभर टक्क्यांची दुसरी बाजू आम्हाला पाचगणीत कळली. मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर गाडी लावून ठेवली होती, सकाळी शंभर टक्के पाहून समाधान वाटले, आणि पसरणी घाट उतरू लागल्यावर ध्यानात आले की पायाखालून नेहमीची ओढ नाहीशी झाली आहे. उतारावर मोटर जनित्र होऊन वेग कमी करते आणि वीज बॅटरीत परत पाठवते, पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवणार कुठे? वाईपर्यंत सगळा भार साध्या ब्रेकवर पडला. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर नव्वदच्या पुढे भरू नये, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

रीजनचे, म्हणजे मोटरने वेग कमी करून वीज परत मिळवण्याच्या या सोयीचे, शून्य ते तीन असे चार टप्पे स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलता येतात. शहरात मी दोनवर ठेवतो. तीनवर मागे बसलेल्या आईला मळमळते, हे आमच्या घरातले अंतिम प्रमाण आहे. मोटरच गाडी थोपवत असल्यामुळे ब्रेकच्या तबकड्या फारशा वापरल्या जात नाहीत, आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत चार दिवस उभ्या गाडीच्या तबकड्यांवर तांबूस थर चढतो. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर रीजन शून्यावर आणून चार-सहा वेळा ब्रेक नीट दाबले की त्या पुन्हा लखलखीत होतात.

चार्जिंगचा खरा प्रश्न रात्री गाडी कुठे उभी राहते यावर सुटतो किंवा अडतो. आमच्या सोसायटीत ना-हरकत पत्र मिळवायला तीन सभा खर्ची पडल्या, आणि त्यांतली एक तर वाहनतळाच्या फरश्या कोणी बदलायच्या यावरच संपली. शेवटी वाहनतळात ईव्हीसाठी वेगळा मीटर आणि ७.२ किलोवॉटचा चार्जर बसला. घरच्याच मीटरवरून महिन्याला दीडशे युनिटांची भर पडली असती तर आमचा एकूण वापर वरच्या दराच्या टप्प्यात गेला असता, म्हणून वेगळ्या मीटरचा खटाटोप मला योग्य वाटतो. या मीटरमुळे आणखी एक गोष्ट उघड झाली : मीटरवर १६९० युनिटे चढली तेव्हा गाडीच्या हिशेबात १५१० युनिटे खर्च झाली होती. शंभरातली सुमारे अकरा युनिटे वाटेत उष्णतेच्या रूपाने जातात, आणि प्रति किलोमीटर खर्च सांगणारे पुष्कळ जण ती धरतच नाहीत.

सासरी पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चार्जर लावला तेव्हा लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. सासऱ्यांनी गाडीकडे संशयाने पाहिले, पण दोष घराच्या अर्थिंगमध्ये होता. जुन्या घराची तार जमिनीत गंजून तुटली होती आणि इतकी वर्षे मिक्सर-फ्रिजने तक्रार केली नव्हती एवढेच. गावातल्या वायरमनने विहिरीजवळ खड्डा खणला, नवी पट्टी उभी करून भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वरून दोन बादल्या पाणी ओतले, आणि संध्याकाळी दिवा हिरवा झाला. त्या सॉकेटवर गाडी दहापासून शंभर टक्क्यांपर्यंत भरायला पंधरा तासांच्या आसपास लागतात, पण तिथे घाई कोणाला असते?

रस्त्यावरच्या जलद चार्जरबाबत मात्र अपेक्षा आटोक्यात ठेवाव्यात. गाडी ६० किलोवॉटपर्यंत वीज घेऊ शकते आणि कंपनीच्या सांगण्यानुसार दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत ४० मिनिटांत पोचते. परंतु अनेक ठिकाणी ६०ची पाटी असलेल्या यंत्राला दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतात, शेजारी दुसरी गाडी लागली की शक्ती दोघांत वाटली जाते, आणि मग वीस ते ऐंशी टक्क्यांसाठीची २७ युनिटे घ्यायला जवळजवळ तास जातो. एका ठिकाणी तर चार्जर उत्तम होता, पण त्याच्या पुढ्यात एक डिझेल गाडी लावून मालक जेवायला गेले होते. त्यांची मिसळ संपेपर्यंत आम्हीही मिसळ खाल्ली. दर घरच्या दुप्पट-तिप्पट पडतो.

बसण्याबाबत थोडक्यात : चार मीटरांच्या आतली लांबी आणि पायाखाली बॅटरी हे दोन्ही साधायचे म्हटल्यावर मागचा तळ उंचावतोच आणि उंच माणसाचे गुडघे वर येतात. मागे दोन मुले आणि आई आरामात बसतात, तीन मोठी माणसे लांबच्या प्रवासाला बसवू नयेत. डिकी ३५० लिटरची आहे. भारत एनकॅप या सरकारी अपघात-सुरक्षा मूल्यांकनाच्या २०२४ मधल्या चाचणीत नेक्सॉन ईव्हीला पाच तारे मिळाले, आणि आमच्या निर्णयात पल्ल्याइतकेच वजन त्यालाही होते. एसीचे स्पर्शाने चालणारे नियंत्रण मला पटलेले नाही. गचके खाणाऱ्या रस्त्यावर बोट टेकवण्यासाठी नजर खाली न्यावी लागते, तिथे साधे बटण बरे.

आता गुहागरच्या वाटेकडे येतो, कारण युनिटांचे गणित तिथे सर्वांत रंजक आहे. पुण्याहून खंबाटकी, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते. (राज्याने २०२५ मध्ये द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली, पण हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने खेड शिवापूर आणि आनेवाडीला टोल भरावाच लागतो.) कुंभार्लीत गाडी सुमारे ६०० मीटर खाली उतरते. माणसे-सामानासह अठराशे किलो वजन धरले तर त्या उंचीची ऊर्जा जवळजवळ तीन युनिटे भरते. चाकांचे घर्षण आणि रूपांतरातली घट वजा जाता आम्हाला पायथ्याशी दर वेळी तीनेक टक्के वाढलेले दिसतात. याच कड्यावरून कोयनेचे पाणी बोगद्यातून पोफळीला उतरवून वीज केली जाते, तेव्हा आमचा हा उद्योग त्याच प्रकल्पाची खेळण्यातली प्रतिकृती म्हणायला हरकत नाही.

जाताना पुण्याहून शंभरावर निघून वाटेत न भरता सासरी सोळा-सतरा टक्क्यांवर पोचतो. परतताना मात्र समुद्रसपाटीवरून पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर चढायचे असते, त्याचे तीनेक युनिटे अधिक लागतात, म्हणून साताऱ्याजवळ चहापुरते, पंधरा मिनिटे, थांबतो. दिवाळीच्या फेरीची नोंद मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात केली आहे : जाताना ३७.१, येताना ४१.४, माणसे पाच, नारळ अठरा.