कॅलिफोर्नियाची वाट: बैलगाडी की जहाज?

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पूर्वेकडच्या अमेरिकनांपुढे दोन वाटा उभ्या राहिल्या (पनामामार्गे तिसरीही होती, ती इथे बाजूला ठेवू). दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, केप हॉर्नला वळसा घालणाऱ्या जहाजाने पाच ते आठ महिने लागत, वादळे आणि शिळे अन्न सोसावे लागे. मात्र अवजड माल नेता येत असल्याने बोस्टन-न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना तीच वाट सोयीची होती.

देशाच्या मध्यभागातल्या मिसुरी राज्यातून निघणारी खुष्कीची वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची, चार ते सहा महिन्यांची. गाडीला बहुधा घोड्यांऐवजी बैल जुंपत, कारण ते स्वस्त असत आणि वाटेतल्या गवतावर निभावत. गाडीत पीठ, खारवलेले डुकराचे मांस आणि अवजारे खच्चून भरलेली असल्याने धडधाकट माणसे बहुतेक अंतर पायीच तुडवीत. गवत उगवण्याआधी निघावे तर जनावरे उपाशी, उशीर करावा तर कॅलिफोर्नियाच्या वेशीवरच्या सिएरा नेवाडा पर्वतात बर्फ. धास्ती मूळनिवासींच्या हल्ल्यांची असे, पण १८४९ मध्ये वाटेतल्या प्लॅट नदीकाठी माणसे दगावली ती मुख्यतः पटकीने (कॉलऱ्याने). शिवाय ही वाट मूळनिवासींच्याच भूमीतून जात होती. तरीही मिसुरीच्या शेतकऱ्याने जहाजासाठी आधी पूर्व किनारा गाठणे हा निव्वळ द्राविडी प्राणायाम ठरला असता.