४के डिस्कला रीजन नसतो, हे मला माहीत होतं

गेल्या आठवड्यात भाच्याने एक मेसेज पुढे ढकलला. 'मामा, घ्यायचं का?' वर एका फँटसी चित्रपटाच्या येऊ घातलेल्या ४के (म्हणजे ब्लू-रेच्या पुढच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या) डिस्क-सेटचा चकचकीत फोटो आणि खाली 'ग्रुप बाय, मोजक्याच जागा, खास रीजन सी प्रेसिंग', म्हणजे आपल्या भागासाठी काढलेली डिस्क. 'रीजन सी' वाचलं आणि कानशिलं तापली. याच शब्दांवर मी एकदा फसलो होतो. इतकी वर्षं हे घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, रकमेसकट. १०,२१९ रुपये.

चित्रपट होता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. मोबाइलवर दिसणाऱ्या पिक्चरसाठी दहा हजार कोण घालवतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. बायकोशी घालून झालाय. पहिला भाग मी व्हीसीडीवर पाहिला, मध्ये दोनदा उठून डिस्क बदलत. मग डीव्हीडी आली. २०११ साली लांबलेल्या, म्हणजे जादा प्रसंगांच्या आवृत्तीची ब्लू-रे आली, तर तिच्यात पहिल्या भागावर हिरवट झाक. जगभरचे चाहते तेव्हा बोंबलले होते. त्यामुळे २०२०च्या ऑक्टोबरात जाहीर झालं, की तिन्ही भाग १ डिसेंबरला ४केवर येणार, रंग पीटर जॅक्सनच्या देखरेखीखाली नव्याने केलेले, थिएटरची आणि लांबलेली अशा दोन्ही आवृत्त्या, एकूण ९ डिस्क, तेव्हा मी अक्षरशः दिवस मोजायला लागलो. भारतात सेट कधी येईल, येईल की नाही, कोणी सांगत नव्हतं. अमेरिकेतली किंमत साधारण ९० डॉलर. आत्तेभाऊ न्यू जर्सीत आहे, एरवी त्याच्या बॅगेतून आला असता. पण त्या वर्षी कोण येणार होतं?

डिस्क जमवणाऱ्यांच्या एका टेलिग्राम ग्रुपमध्ये मी पाच महिने होतो. तिथेच हा सेट मागवून देतो म्हणणारा माणूस भेटला. मराठी बोलणारा, सांगलीकडचा आहे म्हणाला. दोघांनी त्याच्याकडून जुन्या ब्लू-रे घेतल्याचे फोटो टाकले होते आणि खाली 'एकदम खात्रीचा माणूस' असं लिहिलं होतं. ते दोघंही त्याचेच होते हे नंतर कळलं. ग्रुपमधल्या शिफारशीला काडीची किंमत देऊ नका. शिफारस करणाऱ्याला फोन लावा, आवाज ऐका, त्याच्या शेल्फासमोर व्हिडिओ कॉल करायला लावा.

१८ ऑक्टोबरला बुकिंगचे २,५०० भरले. २० नोव्हेंबरला उरलेले ३,९९९. झाले ६,४९९. आता ९० डॉलर गुणिले त्या वेळचा भाव करून बघा. अमेरिकेतल्या दुकानापेक्षा स्वस्त, वर तिथून इथवरचं टपाल त्याच्या खिशातून! हे गणित मी केलं नव्हतं असं नाही. केलं, आणि 'घाऊक घेत असेल' म्हणून स्वतःची समजूत घातली. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं, तेव्हा तो म्हणाला, 'दादा, मेहुण्याचं खातं आहे, माझी लिमिट संपली.' आपल्याकडे कोणाचे व्यवहार मेहुण्याच्या खात्यातून होत नाहीत?

पण हे सगळं मी स्वतःला माफ करू शकतो. २९ नोव्हेंबरचा रविवार मात्र करू शकत नाही.

दुपारी जेवून आडवा झालो होतो. त्याचा मेसेज आला. 'दादा, आपल्याला रीजन सी प्रेसिंग लागेल, नाहीतर भारतात चालणार नाही. ६५० जास्तीचे.' ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ब्लू-रेला रीजन, म्हणजे जगाचे ठरवून दिलेले भाग असतात, ए, बी आणि सी. एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर चालत नाही. भारत सीमध्ये येतो. डीव्हीडीत आपण पाचमध्ये होतो. पण ४के डिस्कला रीजनच नसतो. कुठलीही डिस्क कुठल्याही ४के प्लेअरवर चालते. हे मी त्याच ग्रुपात किमान तीन नवख्या पोरांना समजावून सांगितलेलं. मास्तरकी करत, इमोजी टाकत.

मी त्याला लिहिलं सुद्धा, '४केला रीजन नसतो ना?'

एका मिनिटात उत्तर आलं. 'बरोबर दादा, तुम्ही जाणकार आहात. पण सेटमध्ये ब्लू-रे पण आहेत ना, त्यांना लागतो.'

तिथे थांबायला हवं होतं. सेटमध्ये ९ डिस्क. थिएटरच्या आवृत्तीच्या तीन, लांबलेल्या आवृत्तीच्या दोन-दोन म्हणजे सहा. झाल्या नऊ. सगळ्या ४के. ब्लू-रेला जागाच नव्हती! हा हिशेब मला तोंडपाठ होता, महिनाभर मी तो लोकांना ऐकवत होतो. मग मी काय केलं? 'जाणकार आहात' एवढ्या दोन शब्दांवर विरघळलो आणि आडव्या आडव्याच ६५० पाठवले. त्या दिवसापर्यंत मी ६,४९९चा मूर्ख होतो. पुढचे ३,७२० मी डोळे उघडे ठेवून दिले. खरं म्हणजे मला उत्तर नकोच होतं. मला सेट हवा होता, आणि सेट येणार असं म्हणणारा जगात तो एकच माणूस होता.

१ डिसेंबर उजाडला. आत्तेभावाने त्याच्या शेल्फावरच्या सेटचा फोटो पाठवला. मी लिहिलं, 'माझाही निघालाय.'

९ डिसेंबरला 'पार्सल मुंबई कस्टममध्ये अडकलंय', म्हणून १,८७० गेले. १४ तारखेला 'इन्शुरन्स, परत मिळणारा' म्हणून १,२००. कस्टम ड्युटी कुणा दादाच्या यूपीआयवर भरली जात नाही. कुरिअर कंपनी थेट तुमच्याकडे ओळखीची कागदपत्रं मागते, तुमच्या नावाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टमकडची नोंद असते. ती मागा. फोटो नको, पीडीएफ मागा. त्याने दिलेला ट्रॅकिंग नंबर टाकला तर ते पार्सल भलत्याच शहरात दोन दिवसांपूर्वी पोचवलेलं. विचारलं तर 'सिस्टिम अपडेट व्हायचीय'. १७ तारखेला सकाळी त्याचं खातं गायब. संध्याकाळी मी ग्रुपमध्ये लिहायला गेलो तर मलाच काढून टाकलेलं.

आता पुढचं. हे जास्त संतापजनक आहे.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मास्क न हलवता विचारलं, 'पिन कोणी टाकला?' मी टाकला. 'मग व्यवहार तुम्हीच केलाय.' विषय संपला. परस्पर पैसे गेले आणि कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम मी वाचून गेलो होतो. तो तुम्ही स्वतः पाठवलेल्या पैशांना लागू नाही, एवढंच ऐकून परत आलो. ॲपमध्ये तक्रार टाकली. 'व्यवहार यशस्वी' असा शेरा मारून बंद. अहो, यशस्वी झाला हीच तर तक्रार आहे! पैसे ज्या बँकेत गेले तिथे फोन केला, तर 'तुम्ही आमचे ग्राहक नाही'. खातं गोठवा एवढंच म्हणत होतो, त्याचं नाव-गाव विचारत नव्हतो. बँकिंग लोकपालाकडेही लिहिलं. उत्तरात तोच पिन.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन करा. ऑनलाइन फॉर्म भरताना पाचही व्यवहारांचे बारा आकडी नंबर टाकेपर्यंत पान मिटायचं. तीनदा मिटलं. चौथ्यांदा पोच मिळाली. मग फोन आला, की प्रिंट घेऊन ठाण्यातच या, तीन झेरॉक्स. गेलो. हवालदारांनी कागद वाचला, मग मला वाचलं. 'सीडीसाठी दहा हजार?' शेजारच्या टेबलावरचा हसला. मी म्हटलं, सीडी नाही, ४के. का म्हटलं देव जाणे. 'सायबरकडे द्या.' सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच होईल. ठाण्यात म्हणाले, समोरचा आमच्या हद्दीतला नाही. तो कुठल्या हद्दीतला आहे हे शोधायचं कोणी? मी? लाखांनी गेलेले लोक बाहेर बाकावर बसले होते, त्यांच्यापुढे माझी रक्कम क्षुल्लक, मान्य. पण असे माझ्यासारखे किती असतील हे एकाने तरी विचारावं ना. ग्रुपात दोनशेवर माणसं होती. दहा-दहा हजारांनी वीस जण गेले तरी दोन लाख होतात, आणि प्रत्येकाला 'लहान रक्कम' म्हणून घरी पाठवलं की कोणाचीच तक्रार मोठी होत नाही. चोराला हे आपल्याआधी कळलेलं असतं.

तेव्हा १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबर नव्हता. आता आहे. पैसे गेल्याचं कळताच तिथे फोन लावा, तासाभरात. माझ्यासारखे तीन दिवस लाजत बसू नका. चॅट पुसून टाकू नका, मी रागात अर्धं पुसलं होतं. 'रिफंड देतो, पिन टाका' असा कोणी आला तर तोच माणूस दुसऱ्या दाराने आलाय. मलाही आला होता, बरोबर १०,२१९ची रिक्वेस्ट घेऊन. आकडा त्याला पाठ होता. तेवढी एक मात्र मी नाकारली.

भाच्याला 'घेऊ नकोस' एवढंच कळवलं. त्याने विचारलं, 'का? ग्रुपमध्ये सगळे खात्रीचा म्हणतायत.' मग त्याला हे सगळं पाठवायला बसलो. लिहिताना पोर्टलवर जाऊन पोच क्रमांक टाकून पाहिला. अजूनही 'अंडर प्रोसेस'.