एका दिवसात अख्खं जाळं: दिल्लीची मेट्रो की मुंबईची लोकल?

शहरातली रेल्वे कमीत कमी वेळात पूर्ण पालथी घालायची हौस असेल, तर आधी नियम ठरवा. प्रत्येक स्टेशनात आपली गाडी थांबलीच पाहिजे, की नुसती तिथून गेली तरी चालेल? दिल्लीत हा प्रश्न येत नाही, तिथे गाडी सगळीकडे थांबते. मुंबईत फास्ट लोकल मधली स्टेशनं गाळतात, त्यामुळे सगळा हिशोब याच प्रश्नावर फिरतो.

दिल्लीत हे जमतं हे सिद्ध झालंय. २०२१ मध्ये नोएडा-गुरुग्राम धरून २८६ स्टेशनं १५ तास २२ मिनिटांत झाली आणि गिनीजने त्याची नोंद घेतली. जाळं तेव्हापासून वाढलंय, त्यामुळे त्या आकड्याशी थेट बरोबरी करू नका. दिल्लीची खरी सोय म्हणजे गाडी चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. साध्या कार्डावर ठरावीक वेळेपेक्षा जास्त आत राहिलं की दंड बसतो, म्हणून एक दिवसाचं टुरिस्ट कार्डच घ्या. वेळ खातात ते छोटे फाटे: अशोक पार्क मेनहून कीर्ती नगरला जाणारा, द्वारकेहून ढांसा बस स्टँडचा. नोएडात सेक्टर ५२ ला उतरून सेक्टर ५१ पर्यंत चालावं लागतं. पुढची अ‍ॅक्वा लाइन वेगळ्या संस्थेची आहे. ती मोजायची की नाही, हे निघण्याआधीच ठरवा.

मुंबईचं जाळं साधारण ३९० किलोमीटरचं, आणि त्याला लांबच लांब शेपट्या. चर्चगेट ते डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर. मध्य रेल्वेवर कल्याणला दोन वाटा फुटतात, एक कसाऱ्याला, दुसरी कर्जतमार्गे खोपोलीला. या टोकांना गाड्या विरळ. एक चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. म्हणूनच मला मुंबईचं कोडं दिल्लीपेक्षा कितीतरी सरस वाटतं. इथे नुसतं धावून भागत नाही, आदल्या रात्री वेळापत्रक घेऊन बसावं लागतं.

मी आखणी अशी करेन: पहाटे डहाणूहून निघायचं, विरारला स्लो लोकल धरून चर्चगेट, तिथून चालत सीएसएमटी. मग हार्बरने वडाळामार्गे गोरेगाव, परत वडाळा, पुढे नवी मुंबई. जुन्या नकाशावर विसंबू नका. उरणपर्यंतचा मार्ग आणि ठाणे-ऐरोलीमधलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. तुर्भ्याहून वाशीकडे आणि नेरुळकडे असे दोन्ही फाटे करायचे, हेही बरेच जण विसरतात. ठाण्याहून पुन्हा सीएसएमटी, मग स्लोने कल्याण, खोपोलीला जाऊन परत, शेवट कसाऱ्याला. डहाणू आणि कसारा ही लांब टोकं दोन्ही बाजूंना ठेवली, की तिथली परतफेरी वाचते. तरीही प्रत्येक स्टेशनात थांबायचा नियम धरून हे एका दिवसात बसवणं फार कठीण आहे; दोन दिवस घ्या. वार निवडतानाही पेच आहे. रविवारी गर्दी कमी, पण मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद. इतर दिवशी ब्लॉक नाही, पण सकाळी दादरला गाडी बदलून बघा.

पहिलीच वेळ असेल आणि घड्याळाशी शर्यत हवी असेल, तर दिल्ली. डोकं लावायची आवड असेल आणि मुंबईच्या गर्दीची सवय असेल, तर मुंबईच.

दोन्हींआधी पुणे मेट्रोवर सराव करा. चारच टोकं, सगळी सिव्हिल कोर्टला जुळतात. कुठूनही निघालात तरी दोन बाजू दुबार कराव्या लागतात. त्यांत स्वारगेटची असू द्या, ती सगळ्यांत आखूड आहे. पिंपरीहून निघा, स्वारगेटला जाऊन सिव्हिल कोर्टला परत या, मग वनाजला जाऊन परत, आणि रामवाडीला संपवा. इंटरचेंजला जिने चढण्या-उतरण्यात किती मिनिटं जातात ते लिहून ठेवा, दिल्लीच्या आखणीत तेवढी धरावी लागतील.