कोरियन स्टार मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा: आमचे ११ लाख ८० हजार असे गेले

कोरियन नट किंवा गायक तुमच्या ब्रँडचा चेहरा म्हणून मिळवून देतो, असं सांगत कुणी मध्यस्थ तुमच्याकडे आला असेल आणि 'तारखा अडवून ठेवण्यासाठी' आगाऊ रक्कम मागत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा. आमच्या नाशिकच्या छोट्या कंपनीकडून याच कारणासाठी ११ लाख ८० हजार रुपये उकळले गेले. त्यामागोमाग आणखी ३० लाख जाणार होते, ते आमच्या सीएंनी अडवले म्हणून वाचले.

मी आणि माझे दीर मिळून फेसवॉश आणि शीट मास्क बनवतो. इगतपुरीकडच्या इंद्रायणी तांदळाचं पाणी हा आमच्या मालाचा मुख्य घटक. तांदळाचं पाणी चेहऱ्याला लावायची पद्धत कोरियातही जुनी आहे, त्यामुळे दुकानदार स्वतःहूनच विचारायचे, "यात काही कोरियन आहे का?" हे वेड खरंच आहे. जून २०२१ मध्ये मॅकडोनाल्ड्सने बीटीएस या कोरियन गायकांच्या गटाच्या नावाचं मील मुंबईत आणलं होतं. माझ्या भाचीने त्याचं जांभळं वेष्टन अजून कपाटात ठेवलंय. कोरियन गायिका जिसू डिओरचा चेहरा, गायक जंगकूक कॅल्विन क्लाइनचा, हे आता बारावीतल्या मुलींना पाठ असतं. अशा वेळी आपल्या मालावर एखादा ओळखीचा कोरियन चेहरा असावा असं छोट्या उद्योजकालाही वाटतं, आणि फसवणाऱ्यांना ते बरोबर कळतं.

आमची गाठ पडली गोरेगावच्या एका प्रदर्शनात. माणूस मराठी, बोलायला अतिशय नम्र, पहिल्या भेटीपासून मला ताई म्हणणारा. मुंबईत त्याची 'टॅलेंट कोऑर्डिनेशन' करणारी फर्म होती आणि सोलमध्ये भागीदार. फार मोठं नाव त्याने सुचवलंच नाही. सुचवला तो मालिकांमधून दुसऱ्या नायकाच्या भूमिका करणारा एक नट, ज्याला इथल्या मुली ओळखतात पण ज्याचा दर आकाशाला भिडलेला नसेल असं कुणालाही वाटावं. बीटीएसचं नाव घेतलं असतं तर आम्ही तिथल्या तिथे उठलो असतो. त्याने आमची ऐपत आधी जोखली होती.

प्रस्ताव असा होता: एक वर्षासाठी फक्त भारतापुरते हक्क, एका दिवसाचं चित्रीकरण, दोन समाजमाध्यम पोस्ट, एकूण ७० लाख. त्यातले १० लाख मुंबईच्या फर्मला समन्वय शुल्क म्हणून, वर १८ टक्के जीएसटी. मग करारावर सही होताना ३० लाख आणि चित्रीकरणानंतर ३० लाख. जीएसटी लावलेलं पक्कं बिल हातात आलं की व्यवहार सरळ आहे असं वाटतं. त्या बिलावरचा नोंदणी क्रमांक बिल फाडण्याच्या आधीच रद्द झालेला होता. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की हे कुणालाही दिसतं. त्यामुळे आमचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घ्यायचा हक्कही, गेला.

तो नट तेव्हा दुसऱ्या एका कोरियन स्किनकेअर ब्रँडची जाहिरात करत होता. माझ्या दिरांनी हे विचारलंही. उत्तर तयार होतं: "तो करार मार्चमध्ये संपतोय, म्हणूनच आत्ता तारखा अडवायला हव्यात, नंतर मोठा ब्रँड उचलेल." एका प्रकारच्या मालासाठी कलाकार एका वेळी एकाच ब्रँडला बांधलेला असतो, हा या धंद्यातला साधा नियम. त्या नियमाचाच आधार घेऊन त्याने घाई लावली. घाईची कारणं पुढे रोज नवी निघत गेली: नट लष्करी सेवेला जाणार, नव्या मालिकेचं चित्रीकरण सुरू होणार, कोरियाचं चलन वॉन वधारणार.

पैसे गेल्यावर कागद यायला लागले. एजन्सीच्या नावाचं इरादापत्र, त्यावर लाल शिक्का. सोलच्या भागीदार कंपनीचं व्यवसाय नोंदणी प्रमाणपत्र. 'एजन्सीशी झालेला पत्रव्यवहार' म्हणून ईमेलच्या छापील प्रती. आणि एक वीस सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात तो नट हसून "नमस्ते नाशिक" म्हणतो. ऑफिसमधल्या मुली तो व्हिडिओ पाहून अक्षरशः ओरडल्या. मागाहून शांतपणे पाहिला तर ओठ आवाजाच्या किंचित मागे राहतात आणि मान वळते तेव्हा कानाची कड विरघळल्यासारखी होते. पण खोटेपणा ओळखायला एवढं बारकाईने पाहायचीही गरज नाही. करार झालेला नसताना कुठलीही कोरियन एजन्सी आपल्या कलाकाराला ग्राहकासाठी कॅमेऱ्यासमोर एक शब्दही बोलू देत नाही.

३० लाखांची वेळ आली तेव्हा आमचे सीए मध्ये पडले. तेव्हाच्या नियमांप्रमाणे परदेशी कंपनीला असे पैसे पाठवताना टीडीएस कापावा लागायचा, आयकराचे १५सीए आणि १५सीबी (हे सीएंचं प्रमाणपत्र) हे फॉर्म भरावे लागायचे, आणि दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा फायदा हवा असेल तर समोरच्या कंपनीला तिच्या देशाच्या कर खात्याकडून मिळालेलं रहिवास प्रमाणपत्र आणि फॉर्म १०एफ द्यावा लागायचा. त्यांनी ही कागदपत्रं मागितली. खऱ्या कोरियन कंपनीला यात काही अडचण नसते. इथे मात्र एकदम सूर बदलला. आधी "आमचा भाव करमुक्त आहे", मग "एवढे कागद मागितले तर एजन्सी अपमान समजेल", आणि शेवटी "रक्कम मार्केट रिसर्चच्या नावाने तुकड्यांत पाठवा". ज्या खात्यात पैसे मागितले होते ते हाँगकाँगमधलं होतं आणि खातेदाराचं नाव करारातल्या कुठल्याही नावाशी जुळत नव्हतं. सीएंनी दिरांना एवढंच विचारलं, "करार सोलशी आणि पैसे हाँगकाँगला, हे कसं?" त्यांनी १५सीबीवर सही करायला साफ नकार दिला.

मग आम्ही कागद तपासायला घेतले. पुण्याजवळ रांजणगावला कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत आणि तिथे दुभाष्याचं काम करणारी बरीच मराठी मुलं-मुली आहेत. माझ्या मैत्रिणीची मुलगी त्यांतलीच. ती रविवारी घरी आली, जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरले आणि नोंदणी प्रमाणपत्रावर येऊन थांबली. अशा प्रमाणपत्रावर दहा आकडी क्रमांक असतो, तीन-दोन-पाच असा तोडून लिहिलेला. त्याखाली मालकाचं नाव, धंदा सुरू केल्याची तारीख, पत्ता, धंद्याचा प्रकार आणि तळाशी कर कार्यालयाचा शिक्का. तिने प्रकाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. "काकू, इथे घाऊक-किरकोळ विक्री आणि पुढे तयार कपडे असं लिहिलंय. मनोरंजनाचं नावसुद्धा नाही." तिने तिथल्या तिथे कोरियाच्या राष्ट्रीय कर सेवेच्या होमटॅक्स या संकेतस्थळावर क्रमांक टाकला. धंदा बंद झालेला. म्हणजे प्रमाणपत्र खरं होतं, पण ते केव्हाच बंद पडलेल्या कुणाच्यातरी कपड्याच्या दुकानाचं होतं. आम्हाला कोरियन वाचता येत नाही यावरच सगळी मदार होती.

ईमेलच्या प्रतींमध्ये एजन्सीचं उत्तर म्हणून जे होतं त्यात फक्त प्रस्ताव मिळाल्याची पोच होती. सोबत जोडलेल्या इंग्रजी पत्रात मात्र तारखा राखून ठेवल्या आहेत असं लिहिलेलं. तिने आमच्या वतीने नटाच्या खऱ्या एजन्सीच्या संकेतस्थळावर दिलेल्या जाहिरात चौकशीच्या पत्त्यावर कोरियनमध्ये पत्र पाठवलं. उत्तर आलं: या नावाची कुठलीही कंपनी आमची प्रतिनिधी नाही, भारतासाठी आम्ही कुणालाही अधिकार दिलेले नाहीत, कृपया पैसे देऊ नका.

खरं काम कसं चालतं हे त्यानंतर मी त्या क्षेत्रातल्या माणसांकडून समजून घेतलं, आणि ते इथे सांगावंसं वाटतं, कारण मध्यस्थ असणं हीच काही लबाडी नव्हे. कोरियात ब्रँड आणि कलाकार यांच्यामध्ये जाहिरात एजन्सी किंवा कास्टिंग करणारे लोक बऱ्याचदा असतातच. पण कलाकाराचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीला तिथे २०१४ पासून लागू असलेल्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि करारात ती कंपनी स्वतः पक्षकार असते. पैशाच्या आधी ते तुमचा माल मागवतात. घटकांची यादी बघतात, सुरक्षेचे अहवाल मागतात, कंपनीवर काही खटले आहेत का ते विचारतात, कारण उद्या मालावरून बोंब झाली तर नाव त्यांच्या माणसाचं खराब होतं. आमच्या फेसवॉशची एक ट्यूबसुद्धा त्या माणसाने कधी मागितली नाही. मला आज सगळ्यात जास्त हेच खटकतं. सहा महिने की वर्ष, कुठला प्रदेश, कुठली माध्यमं, चित्रीकरणाचे तास, केशभूषा-रंगभूषेच्या पथकाचा खर्च कुणाचा, प्रत्येक फोटोला मंजुरी कोण देणार, मुदत संपल्यावर दुकानातली पोस्टरं कधी काढायची, या सगळ्यावर खऱ्या करारात पानंच्या पानं असतात. आमच्या 'करारात' मंजुरीचं कलमच नव्हतं. होता तो पैशाचा तक्ता.

आम्ही पुढचे पैसे द्यायचं थांबवल्यावर फसवणुकीचा दुसरा भाग सुरू झाला. त्याबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचंय. पहिल्याच आठवड्यात त्याने नटाचे काही 'टीझर' फोटो पाठवून ते खोक्यांवर छापून घ्या, वितरकांना दाखवा, असा आग्रह धरला होता. दिरांनी नमुन्याची थोडी खोकी छापून घेतली आणि दोन वितरकांना फोटो पाठवले. आता सोलच्या एका वकिलाच्या नावाने नोटीस आली: आमच्या अशिलाचा चेहरा तुम्ही परवानगीशिवाय वापरलात, तडजोडीचे १५ लाख भरा. वाईट म्हणजे यातला कायदा खरा आहे. जून २०२२ पासून कोरियाच्या अनुचित स्पर्धाविरोधी कायद्यात नामवंतांचं नाव, चेहरा, आवाज विनापरवाना धंद्यासाठी वापरण्याला स्पष्ट मनाई आहे. खऱ्या कायद्याचा धाक दाखवून खोट्या वकिलाने पैसे मागितले होते. आम्ही ती नोटीस जशीच्या तशी खऱ्या एजन्सीला पाठवली, खोकी पंचांसमोर नष्ट केली आणि त्याचे फोटोही पाठवले. नोटीस त्यांची नव्हती, आणि आमच्याविरुद्ध काही कारवाई करायचा विचार नाही असं त्यांनी लेखी कळवलं. ज्यांनी भीतीपोटी ही 'तडजोड' भरली असेल त्यांच्याविषयी मला फार वाईट वाटतं.

कोरियातले लोकही यातून सुटलेले नाहीत. २२ मार्च २०२४ रोजी सोलमध्ये विनोदी कलाकार सोंग उन-ईसारख्या नामवंतांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या नावाने चाललेल्या गुंतवणुकीच्या खोट्या जाहिरातींवर दाद मागितली होती. २०२५ मध्ये तर तिथल्या छोट्या हॉटेलवाल्यांना गायकांचे मॅनेजर म्हणून फोन यायचे: मोठी पंगत आहे, जागा राखून ठेवा, आणि अमुक व्यापाऱ्याकडून महागडी वाइन आणून ठेवा. वाइनचे पैसे भरले की ना पाहुणे यायचे ना वाइन. नावावरच्या विश्वासाचे पैसे करायची ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पहिली रक्कम जाऊन आठवडे उलटले होते, त्यामुळे मुंबईच्या खात्यात थोडेच पैसे सापडले आणि ते गोठवले गेले. पोलीस ठाण्यात सुरुवातीला "हा तुमचा व्यावसायिक वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा" असं सांगण्यात आलं. एजन्सीचं उत्तर आणि होमटॅक्सचं पान समोर ठेवल्यावर मात्र भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४), ३३६(३) आणि ३४०(२) या कलमांखाली, म्हणजे फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि ते खरे म्हणून वापरणे यासाठी, गुन्हा दाखल झाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर ही दोन कागदपत्रं आधी मिळवा, मगच ठाण्यात जा. गोठवलेली रक्कम परत मिळण्यासाठी आम्ही न्यायालयात अर्ज केलाय.

तपास अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की हीच टोळी इतर ब्रँडकडेही गेली असणार, आणि तक्रारदार वाढले तर पुढची खाती शोधणं सोपं जाईल. तुमच्याकडे आलेल्या कोरियन नोंदणी प्रमाणपत्रावर धंद्याचा प्रकार काय लिहिलाय ते एखाद्या जाणकाराकडून आजच वाचून घ्या. तिथे तयार कपडे असं निघालं, तर आपल्या जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात तक्रार द्या आणि असाच गुन्हा नाशिकला दाखल आहे हे त्यात आवर्जून लिहा.